स्कीवरून गोळा केलेल्या सह्या

२९ जानेवारी १८९९, रविवार

झाली एकदाची शर्यत! मी नुसती घड्याळ घेऊन तळ्याच्या काठावर उभी होते, तरी माझेच पाय गारठून लाकूड झालेत. आमच्या हॅल्लापेरा गावात स्कीची शर्यत ही पहिलीच. युवक मंडळाची चिटणीस म्हणून सगळी उठाठेव माझ्या गळ्यात. झेंड्या शिवा, गोठलेल्या तळ्यावर दहा किलोमीटरची वाट आखा, कॉफी उकळा, आणि वर ‘बायकांनी शर्यतीत उतरू नये’ हा ठरावही मीच वहीत लिहा. उतरले असते तर पहिल्या पाचांत नक्की आले असते. हे फक्त इथे लिहिते, बाहेर बोलायची सोय नाही.

हेलसिंकीहून यालमार आला होता. विद्यार्थी, बावीस वर्षांचा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्याच्या दोन्ही स्की सारख्या लांबीच्या, शहरी पद्धतीच्या, आणि हातात दोन काठ्या. शर्यतीआधी त्याने भाषण ठोकलं. कायदा आपल्याला स्वीडनने दिला, सम्राट रशियाने दिला, पण स्की आपल्या स्वतःच्या. ज्या दिवशी हा देश स्कीवर एकत्र उभा राहील त्या दिवशी त्याला कोणी वाकवू शकणार नाही. मला रडू आलं. खरंच आलं, आणि गालावरच गोठलं.

मग एनोक्की आला. एनोक्की सुओपेल्तो, रेकोला मालकांचं कूळ, दलदलीच्या पलीकडे राहतो, वय पन्नाशीचं. त्याच्या स्की जुन्या धाटणीच्या. डावी घसरायला लांबलचक, उजवी रेटा द्यायला आखूड, तिच्याखाली रेनडियरचं कातडं. काठी एकच. पोरं खिदळायला लागली.

“एनोक्की, उजवी अर्धी उंदरांनी खाल्ली काय रे?”

“खाल्ली ना,” तो म्हणाला, “म्हणून तर हलकी झालीय.”

आणि यालमारला चार मिनिटं मागे टाकून आला. मिशा बर्फाने पांढऱ्या, पण दम म्हणून लागलेला नाही.

बक्षिसाचा चांदीचा चमचा मालकांनी स्वतः दिला. कुस्ता रेकोला म्हणजे इथलं मोठं प्रस्थ. ग्रामसभेचे अध्यक्ष तेच, शाळा समितीचे अध्यक्षही तेच, म्हणजे माझी नोकरी त्यांच्याच हातात. चमचा देताना म्हणाले, “दलदल उपसून शेत केलंस तेव्हाच कळलं होतं तुझ्या अंगात किती रग आहे ते. हल्ली माझ्यापेक्षा तुझं राय धान्य बरं येतं.” सगळे हसले. मालकांचं मन मोठं आहे. त्यांचा पुतण्या वेर्नेर मात्र अर्ध्या वाटेतूनच शर्यत सोडून कॉफीपाशी आला. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचं लग्न आहे आणि बायकोला घेऊन राहायचं कुठे हीच एक रड.

यालमारला एनोक्कीचा फोटो हवा होता. “हाच तो माणूस! हाच फिनलंड!” असं म्हणत त्याला बर्फात इकडून तिकडे उभा करत होता. शेवटी एनोक्की म्हणाला, “झालं का? घोड्याला पाणी दाखवायचंय.”

२१ फेब्रुवारी, मंगळवार

वर्तमानपत्र आलं. सम्राटाचा जाहीरनामा निघालाय. यापुढे आपले कायदे रशियात, पीटर्सबर्गमध्ये ठरणार, आपल्या प्रतिनिधींनी नुसता सल्ला द्यायचा. फिनलंडचे कायदे फिनलंडकडेच राहतील, हा नव्वद वर्षांपूर्वी तेव्हाच्या सम्राटाने दिलेला शब्द एका कागदाने पुसून टाकला. वर्गात वाचून दाखवताना माझा आवाज फाटला. मग एनोक्कीच्या मुलीने, केर्त्तूने, हात वर केला. नऊ वर्षांची आहे, वर्गात सगळ्यांत हुशार.

“बाई, मग शाळा बंद होणार का?”

“नाही.”

“मग काय बंद होणार?”

मी त्यांना पाढे म्हणायला लावले. आता शोकाचा काळा पोशाख घालून बसलेय. तसा माझ्याकडे दुसरा चांगला पोशाखही नाही.

४ मार्च, शनिवार

यालमार पुन्हा आला, पण या वेळी भाषण नाही. दार लावून घेतलं आणि कोटाचं अस्तर उसवून एक कागद काढला. सम्राटाला विनंती लिहिलीय. अख्ख्या देशातून, घराघरांतून सह्या गोळा करायच्या, दहा दिवसांच्या आत. टपाल नाही, तार नाही, रशियन गव्हर्नरच्या माणसांना वास लागता कामा नये. सगळं काम स्कीवरून. मग प्रत्येक गावचा एक माणूस पीटर्सबर्गला जाऊन ते सम्राटासमोर ठेवणार. आमच्याकडून अर्थातच मालक.

जानेवारीत झेंड्या शिवत होते तेव्हा वाटलं होतं, हा आपला पोरखेळ. तो याच्यासाठी होता तर!

कागद एकच होता. दुपारभर बसून मी त्याच्या पाच नकला केल्या, माझ्या सगळ्यांत सुंदर लपेटीदार अक्षरात. माझ्या वाट्याला दलदलीपलीकडची एकोणीस घरं आली. वाट एनोक्की दाखवणार. “दोन दिवस माझ्या कामातले धरीन,” मालक म्हणाले. आठवड्याचे दोन दिवस त्याला तसेही रेकोलाच्या शेतावर राबायचेच असतात.

६ मार्च, सोमवार

आज चौदा घरं झाली! बोटं सुजलीत, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

एनोक्की पुढे, मी मागे. तो पळत नाही, नुसता चालल्यासारखा दिसतो, आणि मी मात्र जिवाचा आटापिटा करून त्याचा माग धरते. एकदा मी धापा टाकत थांबले तर मागे वळून म्हणाला, “बाई, काठीवर रुसू नका, तिच्यावर भार टाका.”

घराघरांत तेच. आधी कॉफी, मग शांतता, मग मी वाचते. ज्यांना लिहिता येतं ते नाव लिहितात, बाकीचे आपल्या घराची खूण काढतात, तीच जी ते दाताळ्यांवर आणि पोत्यांवर काढतात. पेसोनेन विधवेने विचारलं, “सम्राट स्वतः वाचेल?”

“वाचेल.”

“माझं नावपण?”

“तुमचंपण.”

“मग थांब, हात धुऊन येते.”

दोन-तीन घरांत मात्र कुरकुर. रशियन फेरीवाले कापड विकत फिरतात, त्यांनी सांगून ठेवलंय की रशियाचा कायदा आला की कुळांना जमिनी वाटणार. मी चांगलंच झापलं त्यांना. “देश बुडतोय आणि तुम्हाला बांधाची पडलीय?” त्यांनी माना खाली घालून खुणा केल्या.

संध्याकाळी शेवटचं घर एनोक्कीचं. त्याच्या बायकोने, लोव्हिसाने, उकडलेले बटाटे आणि खारवलेला मासा वाढला. मी कागद पुढे सरकवला. त्याने तो उचलला नाही.

“वाचून दाखवते,” मी म्हटलं.

“ऐकलंय की. आज चौदा वेळा ऐकलं.”

“मग?”

“मला हातचं लिखाण येत नाही वाचता. छापील येतं. बायबल, पंचांग, स्तोत्रांचं पुस्तक, सगळं वाचतो. हे येत नाही.”

“मी खोटं वाचते असं म्हणायचंय तुम्हाला?”

“नाही हो. पण बारा वर्षांपूर्वीही वाचूनच दाखवलं होतं. मालकांनी वाचलं, ‘सुओपेल्तोची जागा पन्नास वर्षं’. मी खूण केली. पुढे पाद्रीबाबांनी वाचलं तर तिथे होतं, ‘मालकांची मर्जी असेपर्यंत’. तेव्हा ठरवलं, जे स्वतः वाचता येत नाही त्यावर खूण करायची नाही.”

मालकांची वाचताना चूक झाली असणार, मी तसं म्हटलंही. लोव्हिसा चुलीकडे तोंड करून उभी होती.

“मी नाही म्हणत नाही, बाई,” एनोक्की म्हणाला. “केर्त्तू शिकतेय ना तुमच्याकडे? तिला हातचं वाचता आलं की ती वाचेल, मी खूण करीन.”

“ते पुढच्या हिवाळ्यात शिकवायचंय तिला!”

“मग पुढच्या हिवाळ्यात.”

अस्सा संताप आला! यालमारच्या त्या फिनलंडने घोड्याच्या जातीचा हट्टीपणा दाखवला. “बटाटे गार होताहेत,” लोव्हिसा म्हणाली. मी खाल्ले. छान होते.

१० मार्च, शुक्रवार

तीन दिवस वहीला हात लावला नाही. उरलेली घरं मंगळवारी उरकली आणि त्याच संध्याकाळपासून रोज केर्त्तूला घेऊन बसत होते. पोरीला तीन दिवसांत लपेटीदार अक्षर शिकवायचं! तिचा उत्साह असा की पाटीवरची अक्षरं नाकाने पुसायची. ‘परमकृपाळू सम्राट’ सुरेख जमलं. ‘आम्ही आपले निष्ठावंत प्रजाजन’ हेही. काल मी तिच्याबरोबर घरी गेले. एनोक्की बाकावर, हात गुडघ्यांवर, चर्चमध्ये बसतात तसा. ती वाचायला लागली. अर्ध्यापर्यंत आली आणि ‘मूलभूत कायद्यांची पायमल्ली’ या शब्दांवर गाडी अडली. पुन्हा अडली. मग ओठ थरथरायला लागले.

“राहू दे,” एनोक्की म्हणाला. “उद्या वाचू.”

“उद्या सकाळी मालक निघताहेत!” मी ओरडलेच.

“मग काय करायचं, बाई? तिला मारायचं का?”

मी दार आपटून बाहेर पडले. घरी येऊन मालकांसाठी यादी केली. नीट रेघा मारून: घर, माणसं, सही, शेरा. शेऱ्याचा रकाना माझीच कल्पना, म्हणजे पुढे कुणाकडे पुन्हा जायचं ते कळेल. अठरा घरांपुढे ‘होय’. एकोणिसाव्यापुढे लिहिलं, ‘सुओपेल्तो: नाही. रशियन फेरीवाला मुक्कामाला होता’. फेरीवाला खरंच उतरला होता त्यांच्याकडे फेब्रुवारीत एक रात्र. तसा तो पेसोनेनकडेही उतरला होता, शाळेतही स्टोव्हजवळ बसून माझी कॉफी पिऊन गेला होता. पण रकान्यात जागा थोडी, आणि मी रागात.

आज सकाळी मालक घोड्याच्या घसरगाडीत बसले तेव्हा सह्या आणि यादी दिली. त्यांनी तिथेच यादी चाळली, चष्मा लावून. “तेर्वोनेनबाई, इतकं व्यवस्थित काम माझे कारकूनही करत नाहीत,” असं सगळ्यांसमोर म्हणाले. गाडी वळणापलीकडे गेली तरी मी हात हलवत होते.

१२ मार्च, रविवार

अरे देवा, अरे देवा. मी किती गाढव आहे!

चर्चमध्ये स्तोत्रांचं पुस्तक उघडलं. समोर ती जाडी, काळी छापील अक्षरं. आणि डोक्यात वीज पडली. मी तोच मजकूर छापील अक्षरांत लिहून दिला असता तर? अर्ध्या तासाचं काम! त्याला छापील येतं, तो स्वतः म्हणाला होता, माझ्या तोंडावर म्हणाला होता. आणि मी, सरकारमान्य प्रशिक्षित शिक्षिका, नऊ वर्षांच्या पोरीला तीन दिवस छळत बसले.

प्रवचन संपायच्या आत उठून बाहेर आले. घरी येऊन रुंद निबाने एक एक अक्षर काढलं, स्कीवर चढले आणि तडक त्यांच्याकडे. सांगितलं तर एनोक्की इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. “मलापण नाही सुचलं की हो!”

मग खिडकीपाशी बसला. बोट ठेवून, ओठ हलवत, सगळं वाचलं. दोनदा. लोव्हिसाने चरखा थांबवला होता.

“चांगलं लिहिलंय,” तो म्हणाला. “खोटं काही नाही यात.” आणि पेन्सिल घेऊन खूण केली. दोन उभ्या रेघा, मधे एक तिरकी. खाली मी तारीख घातली.

कागद उशिराचा आहे, ठाऊक आहे. पण आता एकोणीसच्या एकोणीस झाले. मालक आले की दाखवीन.

२४ मार्च, शुक्रवार

मालक परत आले. शाळेच्या वर्गात उभं राहायला जागा नव्हती.

सम्राटाने भेट दिली नाही. पाचशे माणसं, देशाच्या टोकाटोकाहून गेलेली, त्यांना निरोप आला की सम्राट रागावलेले नाहीत, पण भेटणार नाहीत. आपापल्या घरी जा. एवढंच. पाच लाखांवर सह्या, आणि कागद हातातसुद्धा घेतला नाही.

“निदान ऐकून तरी घ्यायचं!” मालक म्हणाले. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. “आम्ही काय भांडायला गेलो होतो? माणूस दारात उभा आहे, त्याचं म्हणणं काय ते तरी विचारावं की नाही?”

बायका हुंदके देत होत्या. मीही. पेसोनेन विधवा म्हणाली, “म्हणजे माझं नाव नाहीच वाचलं त्याने.” आम्ही स्तोत्र म्हटलं. एनोक्की दाराजवळ उभा होता, टोपी हातात, तोही म्हणत होता.

मग कोट घालताना मालक मला म्हणाले, अगदी सहज, हातमोजे चढवता चढवता, “सुओपेल्तोला जागा सोडायला सांगितलंय. बर्फ आहे तोवर निघालेला बरा, सामान न्यायला सोपं. तुमच्या यादीने काम सोपं केलं, बाई.”

मी काय बोलले? “हो का,” म्हटलं. हो का!

२८ मार्च, मंगळवार

शनिवारी छापील कागद घेऊन रेकोलाला गेले. मोलकरीण दारातच म्हणाली, “मालक प्रवासाने थकलेत. कुणाला भेटत नाहीत. घरी जा म्हणालेत.” तासभर ओसरीवर बसले. रविवारी पुन्हा तेच. सोमवारी पडदा हलताना दिसला, दार उघडलं नाही.

आज सरळ घोड्याच्या तबेल्यात गाठलं. कागद पुढे केला. त्यांनी पाहिला, नाकारला नाही.

“तारीख काय यावर?”

“बारा मार्च.”

“मी निघालो कधी?”

“दहाला. पण मालक, चूक माझी होती. त्याला छापील हवं होतं, मला उशिरा सुचलं. तो नाही म्हणालाच नव्हता.”

“तुम्ही ‘नाही’ लिहिलंय. आणि फेरीवाल्याचंही तुम्हीच लिहिलंय.”

“फेरीवाला सगळीकडेच राहतो!”

“ते लिहिलं नाहीत तुम्ही.” घोड्याच्या मानेवरून हात फिरवत होते. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. “बाई, आता दिवस असे आलेत की आपल्यांत कुठेही चीर दिसता कामा नये. गव्हर्नरची माणसं हेच शोधत फिरताहेत. कुळांना जमिनीची आशा दाखवायची आणि आपल्याला आतून फोडायचं. मी एकाला सोडलं तर उद्या दहा होतील. आणि करार आहे, माझी मर्जी असेपर्यंत. त्याने खूण केलीय.”

“जागेचं काय करणार?”

“वेर्नेरला देतोय. त्याने सही केलीय.”

त्यांचं म्हणणं सगळंच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. देशाचा विचार त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण घरी येताना सपाट वाटेवर तीनदा पडले.

३ एप्रिल, सोमवार

ईस्टरच्या सुट्टीत विचार केला, एकदा जमलं ते पुन्हा का जमू नये? मालकांच्या नावे विनंती लिहिली: एनोक्की सुओपेल्तो हा प्रामाणिक शेजारी आहे, त्याला राहू द्यावं. या वेळी छापील अक्षरांत. पहाटेच्या कडक बर्फावर स्की नुसत्या पळत होत्या, दोन दिवसांत एकोणीसपैकी अठरा घरं झाली.

एकही सही नाही. एकही खूण नाही.

कॉफी सगळ्यांनी दिली. सगळे एनोक्कीबद्दल चांगलंच बोलले. एकजण म्हणाला माझा अंगठा दुखतोय. एकाला चष्मा सापडेना, तो डोक्यावर होता. पेसोनेन विधवा तेवढी सरळ बोलली. “सम्राटाला लिहायला मला भीती नाही वाटली गं बाई. तो काही माझ्या दारात येत नाही. रेकोलाच्या गोठ्यात मी रोज दूध काढायला जाते.”

मी झापलं नाही. कुठल्या तोंडाने झापू?

शेवटी एनोक्कीकडे गेले. यादीचं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, सगळं, शेऱ्याच्या रकान्यासकट. वाटलं, आता हा मला हाकलून देईल, दिलं तर बरं होईल.

तो दाताळ्याचा तुटका दात बदलत होता. “खोटं नाही लिहिलंत तुम्ही,” म्हणाला. “फेरीवाला होता की राहायला.”

लोव्हिसाने मात्र या वेळी कॉफी विचारली नाही.

१५ एप्रिल, शनिवार

यालमारला मोठं पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं. फार गोड लिहितो. म्हणतो, गोष्ट ऐकून मन खिन्न झालं, पण या घडीला राष्ट्राची एकी सगळ्यांत मोठी, घरगुती तंटे शरदात पाहू. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे, एनोक्कीचा शर्यतीतला फोटो. खाली छापलंय, ‘फिनलंडचा स्कीवीर: ज्यांच्या पायांवर आपला देश उभा आहे अशांपैकी एक’. नाव नाही.

शाळा समितीकडून चिठ्ठी आली की पुढील वर्षासाठी माझ्या नेमणुकीचा विचार जूनमध्ये होईल. आजवर कधी अशी चिठ्ठी आली नव्हती.

मी आई आणि धाकट्या बहिणीला पैसे पाठवते. हे इथे लिहायची गरज नाही, तरी लिहिलं.

२२ एप्रिल, शनिवार

गेले.

उत्तरेच्या बाजूला, सावलीत, एवढंच बर्फ उरलं होतं, त्यावरून घसरगाडी जाईल इतकंच. सामान फारसं नव्हतंच. मी पाव घेऊन गेले होते. कुणी शेजारी आले नाहीत. दूर कुंपणाआड तिघे-चौघे उभे दिसत होते, कुऱ्हाडी हातात, लाकडं फोडत नव्हते.

जागा सोडल्याचा कागद मालकांच्या कारकुनाने आणला. हातचं लिखाण, बारीक, वेलबुट्टीचं. एनोक्कीने तो केर्त्तूकडे दिला. पोरीने वाचला. कुठे म्हणून अडली नाही. ‘उभ्या इमारती, उपसलेली जमीन व कुंपण यांवर कोणताही हक्क न सांगता’, हे लांबलचक वाक्यसुद्धा एका दमात. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. शाळेत बरोबर उत्तर दिल्यावर बघते तसं.

मी “छान वाचलंस” म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

एनोक्कीने खूण केली. मग स्की बांधल्या, गाडीच्या दांड्याला हात घातला. लाकडाच्या गिरणीत काम मिळेल म्हणतात, सत्तर किलोमीटरवर. “तिथे नदी आहे,” तो म्हणाला. “हिवाळ्यात बरं पडेल जायला-यायला.” कुठे जायला, कुठे यायला, विचारलं नाही.

लोव्हिसाने पाव घेतला. घेतला एवढंच.

१४ मे, रविवार

आज वेर्नेरचं लग्न. सुओपेल्तोच्या अंगणात टेबलं मांडली होती. शेतात राय धान्य वीतभर आलंय. मी गेले, सगळी शाळा समिती जाणार म्हणून. चीजकेक खाल्ला.

दुपारी मालकांनी मला आत बोलावलं. हेलसिंकीचं वर्तमानपत्र गावोगावच्या हकीकती छापणार आहे, विनंतीच्या सह्या स्कीवरून कशा गोळा झाल्या त्याच्या. आमच्या गावची हकीकत मी लिहावी, माझ्याइतकी ती कुणाला माहीत नाही. कागद-दौत तयारच होती. पुढच्या हिवाळ्यात शर्यत आणखी मोठी करायची, तेही घाला म्हणाले.

मी लिहायला बसले. कडाक्याची थंडी, दलदलीपलीकडची वाट, विधवेने हात धुतले ते. मालक खिडकीपाशी उभे राहून ऐकत होते. खूश होते. बाहेर फिडल चाललं होतं.

“शेवटी असं घाला,” ते म्हणाले. “हॅल्लापेरात आज सही न केलेलं एकही घर नाही.”

माझा हात थांबला. त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, थट्टा नाही, धमकी नाही, नुसते वाट पाहत होते. मी मनात एकेक घर मोजलं. पेसोनेन आहे. अंगठा दुखणारा आहे. चष्मा हरवणारा आहे. शेवटच्या घरात आता वेर्नेर आहे.

एकोणीस. बरोबर होतं. वाक्यात खोटं काही नव्हतं.

मी लिहिलं, आणि खाली सही केली.